गोणपाटावरचे चित्र आणि एक मंडळी: बीड जिल्ह्यातील प्रकरण अभ्यास

बौद्ध वस्तीतल्या एका मुलीने काढलेले ऊसतोड आईचे चित्र चर्चच्या आवारात लावायचे का, याचे हे प्रकरण बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी घडले. संबंधितांच्या संमतीने ते मांडत आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव टाळले आहे, किरकोळ तपशीलही बदलले आहेत. शेजारच्या मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या समुदायाचा, सभासद म्हणून त्या काळातल्या चर्चासभा चालवायला मला बोलावले होते, त्यामुळे बरेचसे जवळून पाहता आले. पाळक (चर्चचे धर्मगुरू), कमिटीचे सभासद आणि तरुण संघ चालवणारे यांच्यापुढे असा प्रसंग कधीही येऊ शकतो. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

मंडळी लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ख्रिस्ती झालेली कुटुंबे हा तिचा गाभा. आज त्यांच्यात शिक्षक आहेत, नर्स आहेत, एसटीत नोकरी करणारे आहेत. आपले पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, हे मात्र कुणी विसरलेले नाही. चर्चच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे. दोन्हीकडे आडनावे तीच, काही घरांत तर थेट भावकी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर एकाच वाड्यातली घरे दोन वाटांनी गेली. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना मात्र राष्ट्रपतींच्या १९५०च्या अनुसूचित जाती आदेशामुळे त्या आजही मिळत नाहीत. ख्रिस्ती लोकांच्या मनात ही सल आहे. बौद्ध वस्तीतले लोक उलट म्हणतात, तुम्हाला मिशनच्या शाळा आधी मिळाल्या. लग्नाला जातात, मयतीला जातात, पण धर्माचा विषय कुणी काढत नाही.

गावाचे तिसरे वास्तव म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी उरकली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या पाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीदार नसेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीच्या चार दिवसांत बाईने काय करायचे, याचे उत्तर या व्यवस्थेत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. वर्तमानपत्रांनी ते छापले. या मंडळीत शेवटच्या बाकांवर बसणाऱ्या काही बायका त्याच आकड्यात होत्या. त्यावर चर्चमध्ये कधी कुणी बोलले नव्हते.

चित्र

खजिनदारांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते. तिथे तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण याच गावातल्या बौद्ध वस्तीतली. ही मैत्रीण चित्रकला शिकते. तिची आई वर्षानुवर्षे उसाच्या फडावर तोडीला जाते. खजिनदारांच्या घरात वधस्तंभाचे जुने छापील चित्र आहे, कुशीत भाला घुसलेला. ते पाहून या मुलीने आईचे चित्र काढायला घेतले.

जाड गोणपाटावर, माणसाच्या उंचीएवढे चित्र. ट्रकला टेकवलेल्या फळीवर एक बाई उभी आहे. डोक्यावर उसाची मोळी, ती धरायला दोन्ही हात वर पसरलेले. लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, जसा फडात सगळ्याच बायका घालतात. शर्ट वर सरकला आहे आणि बेंबीखाली टाक्यांची उभी रेघ दिसते. टाचा फुटलेल्या. ख्रिस्ताच्या वधस्तंभावर जिथे दोषपत्र असते, त्या जागी ट्रकच्या फळकुटावर लिहिले आहे: अर्धा कोयता.

खजिनदारांच्या मुलीने पाळकसाहेबांना विचारले, दुःखसहनाच्या (ईस्टरआधीच्या) आठवड्यात हे चर्चमध्ये लावता येईल का? चित्रकार मुलीने स्वतःबद्दल काहीच लपवले नव्हते. ती म्हणाली होती, "काका, मी देव मानत नाही. पण तुमच्या भिंतीवरच्या त्या माणसाच्या कुशीतली जखम मला ओळखीची वाटली."

प्रश्न

कमिटीत पहिल्याच बैठकीत चार बाजू झाल्या, आणि त्यातली एकही बाजू मला उथळ वाटली नाही.

निवृत्त मुख्याध्यापक हे मंडळीतले सर्वांत जाणते ज्येष्ठ. त्यांचा आक्षेप शिकवणीचा होता. ख्रिस्त एकदाच, सर्वांसाठी मरण पावला. त्याच्या जागी दुसरे कुणीही उभे केले, मग ते कितीही दुःखी असो, तर ऐकणाऱ्याला वाटेल की दुःख सोसले की तारण झाले. "आपल्या बायकांना आपण हेच सांगायचं का, की सोसा, तुम्हीच ख्रिस्त?" असे त्यांनी विचारले. त्या बैठकीतला सर्वांत गंभीर प्रश्न हाच होता, आणि तो मागासलेपणाचा म्हणून झटकण्याची घाई तरुणांनी केली.

सचिवांना बाहेरची भीती होती. बौद्ध मुलीचे चित्र चर्चमध्ये लागले की धर्मांतराची कुजबुज सुरू होणार. मंडळीतल्या प्रचारक बंधूंचे म्हणणे याच्या नेमके उलट होते: वस्तीतले लोक पहिल्यांदा आपल्या आवारात येतील, तर सुवार्ता सांगायची ही संधी का सोडायची? आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा, कमिटीतली एकुलती एक बाई, एवढेच म्हणाल्या की पोट उघडे दिसते, ते बरे नाही. त्यांना पुढे कुणी काही विचारले नाही.

समोर असलेले पर्याय

जागा नाही असे सांगून विषय मिटवणे सोपे होते. निम्मी कमिटी त्याच मताची होती. दुसरे टोक तरुण संघाचे: उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), वधस्तंभावरील सात उद्गारांच्या उपासनेत, चित्र थेट वेदीजवळ लावावे. मधला मार्ग म्हणून टाके झाकावेत आणि खाली पवित्र शास्त्रातले वचन लिहावे अशी सूचना आली. ही सूचना सर्वांना समजूतदार वाटली. मला ती तिन्हींत वाईट वाटली, कारण तिच्यात चित्रही उरत नव्हते आणि ते काढणारीचे मतही. नकार दिला असता तर निदान चित्र तिचे राहिले असते.

चौथा पर्याय पाळकसाहेबांनी मांडला. आपण कुणीही चित्र प्रत्यक्ष पाहिलेले नाही, मोबाइलवर पाहिले आहे. आधी जाऊन बघू.

पहिला निर्णय: जाऊन पाहणे

पाळक, मुख्याध्यापक आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा वस्तीत गेले. टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. चित्र घराच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि चित्रातली बाई चहा ठेवत होती. मुख्याध्यापकांनी मुलीला काही न विचारता आईलाच विचारले, "हे तुम्हीच का?" ती म्हणाली, "मी एकलीच न्हाई सर. आमच्या टोळीतल्या समद्या हायेत त्याच्यात."

मुख्याध्यापकांचे मत या भेटीने बदलले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. बदलला तो त्यांचा प्रश्न. आधी ते विचारत होते, हे चित्र ख्रिस्ताबद्दल काय चुकीचे सांगते? परतताना ते म्हणाले, ही मुलगी ख्रिस्ताबद्दल काही सांगतच नाही, ती आईबद्दल सांगते आहे. मग आपण या चित्राला काय म्हणायचे, हे आपण ठरवायला हवे. पुढचे सगळे या वाक्यावर उभे राहिले.

दुसरा निर्णय: आधी अभ्यास

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या बुधवारच्या प्रार्थनासभा पाळकसाहेबांनी या विषयाला दिल्या आणि भिंतीवर तीन चित्रे दाखवली.

पहिले मथियास ग्र्यूनेवाल्डचे, सुमारे १५१२ ते १५१६ मध्ये इझेनहाइमच्या मठासाठी काढलेले. त्या मठाच्या दवाखान्यात एका भयंकर रोगाचे लोक येत. राय नावाच्या धान्यावर बुरशी धरते, ते पोटात गेले की अंगाची आग होते, हातपाय सडतात. चित्रकाराने वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचे अंगही तशाच फोडांनी भरलेले दाखवले. बाजरीवरचा अरगट ठाऊक असलेल्या मागच्या बाकांवरच्या लोकांना हे समजावून सांगावे लागले नाही.

दुसरे चित्र मार्क शागालचे, १९३८चे. चित्रकार ज्यू, ख्रिस्ती नव्हे. त्याच्या ख्रिस्ताच्या कमरेला ज्यू लोकांची प्रार्थनेची शाल आहे आणि भोवती जळते प्रार्थनास्थळ, पळणारी माणसे. ज्याचा ख्रिस्तावर विश्वास नाही तो आपल्या लोकांचे दुःख सांगायला वधस्तंभाकडे वळतो, आणि ते पाहून ख्रिस्ती माणसाला आपल्याच इतिहासाची लाज वाटते. युरोपात ज्यूंचा छळ करणाऱ्यांत ख्रिस्ती म्हणवणारेही होते, हे पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितले.

तिसरे उदाहरण शिल्पाचे. एडविना सँडिस या शिल्पकर्तीने घडवलेली वधस्तंभावरील स्त्री १९८४ च्या पवित्र सप्ताहात न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये ठेवली गेली. विरोध झाला आणि ती हलवावी लागली. २०१६ मध्ये तेच शिल्प त्याच कॅथीड्रलमध्ये पुन्हा ठेवले गेले. मुख्याध्यापक यावर म्हणाले की बत्तीस वर्षांनी लोकांना सवय झाली म्हणून एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही. बरोबर बोलले.

शास्त्राचा भाग मला अधिक मोलाचा वाटला. तरुण नेहमी नव्या करारातले प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ पुढे करतात: पौलाने अथेन्समध्ये 'अज्ञात देवाला' वाहिलेली वेदी पाहिली, त्यांच्या कवींचे शब्द वापरले. पण त्याच अध्यायात, त्याआधी, मूर्तींनी भरलेले शहर पाहून तो मनातून खवळला होता. दोन्ही खरे आहे. खवळलेला माणूस शहरात फिरून वेद्यांवरचे लेख वाचत राहिला, एवढे आपल्याला शिकण्यासारखे आहे. दानिएलाचेही तसेच. त्याने खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा शिकून घेतली, राजाच्या ताटातले अन्न मात्र घेतले नाही. कुठे शिकायचे आणि कुठे थांबायचे हे त्याने गोष्टीगणिक ठरवले.

आणि ८८ वे स्तोत्र. ते वाचताना सभेत चुळबुळ झाली. त्या स्तोत्राच्या शेवटी आशेची ओळ नाही. ते अंधारात संपते. असे गाणे आपल्या शास्त्रात आहे आणि चर्चमध्ये मात्र आपण प्रत्येक साक्षीचा, म्हणजे अनुभव सांगण्याचा, शेवट गोड मागतो. हे चित्र अस्वस्थ करते ते ख्रिस्ती नसल्यामुळे, असे अनेकजण म्हणत होते. माझे मत वेगळे आहे. अस्वस्थ करते ते आपल्या बाकांवरची गोष्ट उघडी पाडते म्हणून.

तिसरा निर्णय: जागा, मजकूर आणि मौन

कमिटीने ठरवले ते असे. चित्र वेदीजवळ नाही, चर्चशेजारच्या सभागृहात लागेल, सोमवार ते शनिवार. मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल करिंथकरांना लिहिताना पौल दुर्बळ विवेकाच्या भावाला जपायला सांगतो. उपासनेला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला न विचारता त्याच्यासमोर हे उभे करणे योग्य नव्हते. ज्याला पाहायचे त्याने सभागृहात चालत जावे. चित्रात काहीही बदलायचे नाही.

मजकुरावर सर्वांत जास्त वेळ गेला. वचनाची सूचना मुलीने स्वच्छ नाकारली. "माझ्या आईखाली तुमचं वचन लिहिलं तर ती तुमची होते," असे ती म्हणाली. शेवटी दोन वेगवेगळी पत्रके लावायचे ठरले: चित्राखाली तिचे, तिच्या शब्दांत, समोरच्या भिंतीवर मंडळीचे. मंडळीचे पत्रक कुणी लिहायचे? पाळकसाहेबांनी ते मुख्याध्यापकांकडे दिले. विरोध करणाऱ्यालाच लिहायला सांगणे, हा या प्रकरणातला मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्यांनी लिहिले की हे चित्र ख्रिस्ताचे नाही आणि ख्रिस्ताचे मरण एकमेव आहे असा आमचा विश्वास आहे. पण "ज्या अर्थी तुम्ही ह्या माझ्या अत्यंत कनिष्ठ बंधूंपैकी एकाला केले, त्या अर्थी ते मला केले आहे" असे ख्रिस्ताने म्हटले, आणि या बायकांना आम्ही आमच्यातच असताना पाहिले नाही. ही शेवटची ओळ कमिटीत कुणी सुचवली नव्हती. ती त्यांची होती.

मौनाचा निर्णय प्रचारक बंधूंना झोंबला. मुलीचे मामा चर्चमध्ये येऊन पाळकांना भेटले होते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आमच्या पोरीचे चित्र तुमच्या आवारात कशाला, असे त्यांनी विचारले. पाळकसाहेबांनी शब्द दिला की त्या आठवड्यात सभागृहात पत्रिका वाटल्या जाणार नाहीत, कुणाला बाप्तिस्म्याबद्दल विचारले जाणार नाही. कमिटीने तसा लेखी ठराव केला. बंधू म्हणाले, हे तोंडाला कुलूप लावणे आहे. मला तसे वाटत नाही. पाहुण्याला चित्र दाखवायला बोलावून हळूच दुसराच विषय काढला तर पुढच्या वेळी तो आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. मंडळीचा विश्वास समोरच्या भिंतीवर लिहिलेला होता, वाचायचा त्याने वाचला.

परिणाम

वस्तीतले लोक आले, काही तर पहिल्यांदाच. मामाही आले, मुख्याध्यापकांचे पत्रक वाचून त्यांनी त्यांच्याशी बराच वेळ वाद घातला, दुःखाचे मूळ तृष्णेत आहे की पापात यावर. दोघेही हटले नाहीत. असा वाद या दोन वाड्यांत याआधी कुणी उघडपणे घातला नव्हता.

दोन कुटुंबे त्या आठवड्यात उपासनेला आली नाहीत. एक पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) परतले, दुसरे आता दुसऱ्या मंडळीत जाते. हे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच मोजले पाहिजे.

गुरुवारी महिला मंडळाने सभागृहात पुरुषांना न घेता बैठक केली. तिथे काय बोलले गेले ते मला ठाऊक नाही आणि असूही नये. त्यानंतर अध्यक्षाबाईंनी कमिटीला कळवले की आपल्या मंडळीतल्या बायकांचीही अशी ऑपरेशने झाली आहेत. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितले गेले, हे त्यांच्यापैकी बहुतेकींना माहीतच नव्हते. आता टोळ्या निघण्याआधी मंडळीतली एक नर्स दोन्ही वस्त्यांत जाऊन हे समजावून सांगते.

चित्रकार मुलगी उपासनेला आली नाही, पुढेही आलेली नाही. पाळकसाहेबांशी तिचे वाद चालू आहेत. तिला मंडळीच्या पत्रकातला 'कनिष्ठ' हा शब्द आवडला नाही, आणि तिने ते त्यांना तोंडावर सांगितले.

काय वेगळे करता आले असते

टाक्यांबद्दलचा निर्णय पुरुषांनी घेतला. अध्यक्षाबाईंनी पहिल्याच बैठकीत पोटाचा विषय काढला, तेव्हा तो शालीनतेचा मुद्दा म्हणून बाजूला पडला. त्या स्वतःच्या दुखण्याभोवती घुटमळत होत्या का, हे कुणी विचारले नाही. गुरुवारची बैठक सर्वांत आधी व्हायला हवी होती. त्या बायकांनी लावू नका म्हटले असते तर चित्र न लावणेच योग्य ठरले असते, असे माझे ठाम मत आहे.

तरुणांना मुख्याध्यापकांशी बोलायला बसवायला हवे होते. त्यांनी त्यांना जुनाट ठरवले आणि शेवटपर्यंत त्यांचा प्रश्न ऐकलाच नाही. ज्यांना वेगळ्या विचारांचे स्वागत करायचे होते त्यांना घरातला वेगळा विचार सोसवला नाही.

सर्वांत मोठी चूक आईच्या बाबतीत झाली. चित्र लावायला तिची परवानगी घेतली होती. फोटो काढू नयेत अशी पाटीही होती, पण कुणीतरी काढलेला फोटो दोन दिवसांत गावभर फिरला. टोळीतल्यांनी तिला ओळखले आणि मुकादमानेही. पुढच्या हंगामाची उचल त्याने अडवून धरली. आमची बदनामी करता, मग दुसरा मुकादम बघा, असे त्याने ऐकवले. मंडळीला वाटले होते की परवानगी म्हणजे चेहरा दाखवायची परवानगी. त्या बाईचे वर्षभराचे पोट ज्याच्या हातात होते त्या माणसाचा विचार कुणीच केला नव्हता. खजिनदार आणि मुख्याध्यापक मुकादमाकडे दोनदा जाऊन आले, तेव्हा उचल मिळाली, पण आधीपेक्षा कमी आणि उशिरा. राहिलेली रक्कम मंडळीने द्यावी असा प्रस्ताव आला तो आईने नाकारला. दान नको, त्याऐवजी हंगामात धाकट्या मुलाला मंडळीतल्या कुणाच्या घरी ठेवून शाळेत पाठवा, असे ती म्हणाली. तो आता मुख्याध्यापकांच्या घरी राहून शिकतो.

यापुढे सभागृहात काही लावण्याआधी वापरायची नियमावली मुख्याध्यापकांनी लिहून कमिटीपुढे ठेवली आहे. ज्याचे आयुष्य चित्रात, नाटकात किंवा लेखात येणार आहे, त्याच्या रोजगारावर काय परिणाम होईल हे आधी विचारावे, हे तिचे पहिले कलम. ते एकमताने मंजूर झाले. सभागृहात सुवार्तेच्या पत्रिका ठेवायच्या की नाही, या कलमावर प्रचारक बंधू आणि पाळकसाहेब यांच्यात अजून एकमत झालेले नाही.